नाव घेऊन मार

धर्माजी शिलोत्र्याला मूलबाळ नव्हतं. त्याचं त्याला दुःख होतं असं म्हणाल तर साफ चुकाल. भाईंदरच्या खाडीलगत त्याची मिठागरं होती, म्हणून तो शिलोत्री. बायको कधीच वारलेली, दिवाणखान्याच्या भिंतीवर हार घालून टांगलेली. दत्तक घ्यायचा तर दोन पुतणे दारात उभेच होते. सकाळी एकाच्या पाठीवर थाप द्यायची, संध्याकाळी दुसऱ्याला जेवायला जवळ बसवायचं, आणि दोघांची तोंडं बघत पान चघळायचं. याहून मोठी करमणूक त्या वेळी आख्ख्या भाईंदरात नव्हती. लोक त्याला तात्या म्हणायचे. तोंडावर, अर्थात. पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुतण्यांतला एक लडकू. नावासारखाच लाडावलेला, गोरागोमटा, बोलायला लागला की समोरच्यानं हसायलाच पाहिजे. दुसरा बाळाराम. याचा बाप लवकर गेला, तेव्हापासून हा आणि याची आई रुक्मिणी तात्याच्या घरात. घरात म्हणजे रुक्मिणी चुलीपुढे. घरची माणसं, आगरावरचे मुकादम, येणारेजाणारे, सगळ्यांचं रांधायचं, उष्टी काढायची. सख्ख्या धाकट्या भावाची बायको ती, पण तात्यानं तिला कधी नावानं हाक मारली नाही. "ए" म्हणायचा. ती "ए"ला धावत यायची.

बाळारामच्या मनात एकच होतं. दत्तक आपण व्हायचं, घराच्या किल्ल्या आपल्या हातात आल्या की पहिल्या दिवशी आईला चुलीपुढून उठवायचं.

"आणि बसवशील कुठं?" आई विचारायची.

"ओटीवर. झोपाळ्यावर. लोकांनी बघायला पाहिजे."

"दत्तक दिलं की तू माझा राहत न्हाईस रं, बाळा."

"ते भटाच्या मंत्रात गं. आई काय मंत्रानं बदलती?"

रुक्मिणी हसायची आणि फुंकणी उचलायची. धुरानं तिचे डोळे कायमचे लाल झाले होते, त्यामुळे ती रडली तरी कुणाला कळायचं नाही.

तर, टेबल. दुसरी मोठी लढाई पेटायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मीठखात्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला आणि त्याच्या बंगल्यातलं बिलियर्डचं टेबल तात्यानं उचललं. का? मीरा गावच्या शिलोत्र्याकडे नव्हतं म्हणून. बैलगाडीवर घालून ते धूड दिवाणखान्यात आणलं. टेबल समतळ लागतं, एवढं साहेबाच्या बटलरनं सांगून ठेवलं होतं. आता मिठागरवाल्याला समतळ कसं बघायचं ते शिकवायला लागतं होय? मिठाचा वाफा तो पाणी सोडून तपासतो. पाणी ज्या अंगाला धावेल ते अंग खाली. तात्यानं टेबलाचे सहाही खिसे चिखलानं लिंपून घेतले आणि हिरव्या कापडावर खाडीचं पाणी सोडलं! पायांखाली पाचरी मारून टेबल समतळ केलं, आणि झालंही, खोटं कशाला बोला. कापड वाळल्यावर मात्र खिडकीकडच्या कोपऱ्यात मिठाचा एक मोठा पांढरा डाग कायमचा राहिला. गोळा त्या डागावर गेला की दम लागल्यासारखा धिमा व्हायचा.

आणि मग तात्यानं फर्मान काढलं. "मिठागर म्हणजे नजरेचं काम. पाऊसभर आगर बंदच असतं, दोघांनी बसून खेळ शिका. दसऱ्याला सगळ्यांच्या समोर डाव. ज्याची नजर सरळ, तो माझा मुलगा." बोलून झाल्यावर त्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. लडकू हसला. बाळाराम टेबलाचे खिसे मोजायला लागला.

शिकवायला उत्तनचा कॉन्रॅड आणला. मुंबईच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात त्यानं उभं आयुष्य काढलं होतं, साहेबांना खेळायला शिकवायचं आणि त्यांचे गुण मोजायचे. एका डोळ्यात मोतीबिंदू पडला तसा क्लबानं त्याला घरी पाठवला. सोमवारी यायचा, माडीखालच्या खोलीत राहायचा, शनिवारी उत्तनला जायचा, रविवारचा चर्चमधला मिस्सा चुकवायचा नाही. टेबलावरचा तो डाग पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यानं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला, मेलेल्या माणसासमोर काढतात तसा.

"नाव काय तुझं?" तात्यानं विचारलं होतं.

"कॉन्रॅड."

"जीभ वळत न्हाय. कोंड्या म्हणीन."

तेव्हापासून कोंड्या. पाहुणे आले की तात्या त्याला ओटीवर उभा करायचा आणि सांगायचा, कोंड्या, साहेबांच्या क्लबात कसा ओरडायचास ते ओरडून दाखव. म्हातारा इंग्रजीत आकडे ओरडायचा, बाजारातली माणसं माना वळवायची, आणि तात्या मांडीवर थापा मारत हसायचा. कॉन्रॅडच्या तोंडावरची सुरकुती हलायची नाही. पण म्हातारा काही साधा नव्हता, बरं का. ज्याला रोज "कोंड्या" ऐकावं लागतं तो माणूस सगळं गिळतो असं समजू नका. काही माणसं साठवतात.

सकाळी लडकूची शिकवणी, दुपारी बाळारामची. दोघंही त्याला मामा म्हणायचे. लडकूला शिकवायला लागायचंच नाही. त्याचा हातच चांगला. कुठे बघतो, कसं मारतो, त्यालाही सांगता यायचं नाही, पण दहातले सहा-सात गोळे जायचे. बाळारामचे जायचे दोन.

"लालला मारतोस तू," कॉन्रॅड म्हणायचा. "लालला मारायचंच न्हाय. ऐक. लाल गोळा, त्याच्या पुढं खिसा. आता खिशाच्या बरोबर उलट्या अंगाला, लालच्या पाठीला चिकटून, आणखी एक गोळा बसलाय. दिसला?"

"न्हाय."

"कुणालाच दिसत न्हाय. तो देवचार हाय. भूत. तू नेम धरायचा तो भुतावर. पांढरा गोळा सरळ जाऊन भुताच्या जागेवर बसला, की लाल खिशात गेलाच पाहिजे. गोऱ्याचा असो का काळ्याचा, नेम एवढाच."

"रिकाम्या जागेवर काय बघू, मामा?"

"तेच शिकायचं असतं, गाढवा!"

जून गेला, जुलै गेला. बाहेर पाऊस, आगरं तुडुंब, आत बाळाराम काठीवर ओणवा. त्याला भूत काही दिसेना. मिठागरावर वाढलेला पोरगा तो. जे आहे ते बघायची त्याला सवय. पाणी, चिखल, मिठाची साय. नसलेलं कसं बघतात ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. डोळे ताणून ताणून पाणी यायचं, आणि पांढरा गोळा लालला कुठेतरी भलत्याच जागी खेटायचा. सकाळच्या शिकवणीनंतर लडकू मुद्दाम दारात रेंगाळायचा आणि म्हणायचा, "मामा, याला एक चष्मा आणा, नाहीतर खिसे तरी मोठे करा."

शेवटी एक दिवस कॉन्रॅडनं काठी खाली ठेवली. "तुला गोळा दिसत न्हाय. माणूस तरी दिसेल का? त्या जागेवर एक तोंड ठेव. कुणाचं पण. नाव घे, म्हणजे तोंड येतं डोळ्यासमोर. मग मार."

आता कुणीही दुसरा असता तर त्यानं पहिलं नाव कुणाचं घेतलं असतं? हा आपला आगरी भोळा. कुठल्याही कामाच्या आधी ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच घेतलं. "आई एकवीरे," म्हणाला, आणि देवीचा शेंदरी मुखवटा खरोखर त्या हिरव्या कापडावर दिसला! काठी मागे नेली मात्र, हात जागीच लाकूड झाला. देवीच्या तोंडावर गोळा कसा घालायचा?

कॉन्रॅड हसून हसून खुर्चीत बसला. त्याला खोकला लागला. "अरे, देवाला मारतोस? जा, सरळ नरकात जा, वाट नको विचारू. पोऱ्या, ज्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते त्याचं तोंड ठेव!"

बाळाराम विचारात पडला. असं कोण? मुकादमाचं नाव घेऊन बघितलं. गोळा जवळून गेला. लडकूचं घेतलं, तर एक गेला, एक नाही. लडकूचा हेवा वाटायचा, पण राग? राग धरून ठेवायला त्याला जमायचंच नाही. आईनं तेच शिकवलं होतं, खाल्ल्या मिठाला जागायचं. दोन घास मिळतात, डोक्यावर कौलं आहेत, तात्यांच्या पायावर रोज सकाळी डोकं ठेवायचं. तो ठेवायचा, आणि मनापासून ठेवायचा. तात्याबद्दल आपल्या मनात आदरच आहे अशी त्याची पक्की समजूत होती.

ती समजूत एका दुपारी मोडली. तात्यानं त्या दिवशी लडकूलाही दुपारीच बोलावलं होतं, आणि टेबलाजवळच्या आरामखुर्चीत बसून तो दोघांची शिकवणी बघत होता. रुक्मिणी चहा घेऊन आली. तात्यानं एक घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि कप हळूच, अगदी सावकाश तिरका केला. चहाची धार फरशीवर पडली. थोडी तिच्या पायावर.

"साखर जास्त हाय," तात्या म्हणाला. "पूस."

ती फडकं आणायला वळली.

"फडकं कशाला? पदर हाय ना."

रुक्मिणी खाली बसली आणि तिनं पदरानं फरशी पुसली. कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली, नीट. लडकू खिडकीबाहेर बघायला लागला. तात्यानं बाळारामकडे बघितलं. "थांबलास का? खेळ की."

बाळाराम ओणवला. लाल मधोमध होता, खिसा लांब. आई पलीकडे गुडघ्यावर होती, फरशीवर ओला पदर फिरल्याचा आवाज त्याला येत होता. त्यानं काही ठरवलं नाही. ओठ आपोआप हलले, आणि लालच्या पाठीला चिकटून तात्याचं तोंड आलं. पान खाल्लेले दात, कानातली भिकबाळी, सगळं आलं. त्यानं मारलं. लाल खिशाच्या काठालासुद्धा न शिवता जाळीत पडला.

"वा!" तात्या म्हणाला. कुणाचं नाव घेतलं ते त्याला ऐकू गेलं नव्हतं. कॉन्रॅडला गेलं होतं.

तात्या निघून गेल्यावर कॉन्रॅडनं दार लोटलं. "आता परत. आणि तोंडातल्या तोंडात न्हाय, मोठ्यानं बोल. नावाबरोबर श्वास बाहेर गेला की कोपर हलत न्हाय."

"न्हाय मामा. पाप लागेल."

"मग हरशील. लडकू मालक होईल, आणि तुझी आई त्याच्या बायकोच्या हाताखाली फरशी पुसेल. बोल."

"तात्या," बाळाराम म्हणाला. गोळा गेला. "तात्या." गेला. "तात्या!" गेला. इतकी वर्षं हे सगळं कुठे होतं? रोज सकाळी ज्या पायांवर डोकं ठेवायचं, त्या पायांच्या मालकाचं तोंड फोडताना हात असा मऊ, असा सरळ जावा? त्याला रडायला येत होतं आणि थांबावंसंही वाटत नव्हतं.

"पण मामा, दसऱ्याला त्यांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे. देवाचं नाव घेतात तसं घेतोय असं वाटेल त्याला. आपण देव हाय अशी शंका त्याला पहिल्यापासून हायच." कॉन्रॅड हसला. त्याच्या चांगल्या डोळ्यात काहीतरी चमकलं, पण बाळारामचं लक्ष गोळ्याकडे होतं.

दसऱ्याला दिवाणखाना भरला. मीठखात्याचा नवा साहेब आला, मीरा आणि खारीचे शिलोत्री आले, भटजी आले. तात्यानं दत्तकाचा मुहूर्तसुद्धा आधीच काढून ठेवला होता. फक्त मुलगा ठरायचा होता. खेळ सोपा लावला होता. आळीपाळीनं मारायचं, लाल खिशात घातला की एक गुण, लाल परत आपल्या जागेवर, आणि ठरलेले गुण आधी करील तो जिंकला. गुण ओरडायला कॉन्रॅड.

लडकू सुटलाच. मारतोय, हसतोय, साहेबाला डोळा मारतोय. बाळारामनं पहिले काही मार गुपचूप मारले. नाव मनातल्या मनात घेतलं. ते चालेना. ओठ बंद ठेवला की श्वास अडकायचा, कोपर हलायचं, तोंड पुसट व्हायचं. लाल खिशाच्या काठावर आपटून परत यायचा. लडकू पुढे गेला, आणखी पुढे गेला. बाळारामच्या कपाळावरचा घाम कापडावर टपकला. स्वयंपाकघराच्या दाराशी आई उभी होती, आडोशाला, एक डोळा दिसेल एवढी.

कॉन्रॅड खडू द्यायला जवळ आला. "मुका खेळशील तर मेलास," तो पुटपुटला. "ठरव."

बाळाराम ओणवला. "तात्या," म्हणाला, आणि मारलं. गेला.

लोकांत चुळबूळ झाली. तात्यानं मान वर केली. "तात्या," परत गेला. मग त्यानं लाज सोडली. लडकूचा हात तेवढ्यात बिघडला, हसण्यानं बिघडतोच, आणि इकडे प्रत्येक फेरीला "तात्या!" आणि जाळीत धप्प. दोघांचे गुण सारखे झाले. एकच गुण उरला. लडकूचा मार चुकला, आणि लाल घरंगळत खिडकीकडच्या कोपऱ्यात, बरोबर मिठाच्या डागावर जाऊन बसला. तिथून तो हलवायचा तर साधा मार चालणार नव्हता, जीव खाऊन मारायला हवं होतं. बाळारामनं दाराकडे एकदा बघितलं. तो एक डोळा तिथेच होता. तो वाकला आणि असा ओरडला की ओटीवरची कुत्री उठली.

"तात्या!"

लाल डागावरून निघाला, आणि गेला.

तात्या खुर्चीतून उठला. त्याचे डोळे भरून आले होते, हो, खरंच भरून आले होते! "ऐकलंत साहेब? पोरानं माझं नाव घेतलं! देवाचं घ्यावं तसं, एकेका माराला! पंचहो, तुमच्या सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो, हा माझा मुलगा. ठरला." आणि त्यानं बाळारामला छातीशी धरलं. बाळारामचा जीव भांड्यात पडला. जिंकलो, आई, जिंकलो! त्या क्षणी त्याला तात्यासुद्धा बरा वाटला. बघा, माणूस किती स्वस्तात विरघळतो.

इतक्यात लडकू बोलला. हसतच, पण आतून जळत. "मामा, हे नाव घ्यायचं मला नाही शिकवलंत ते? मीही घेतलं असतं की तात्यांचं."

"तुला जमलं नसतं," कॉन्रॅड म्हणाला. "तेवढी आग तुझ्या पोटात न्हाय."

"आग?" तात्या वळला. "कसली आग रं, कोंड्या?"

बाळारामनं कॉन्रॅडकडे बघितलं. नको, असं ते बघणं होतं, हात जोडल्यासारखं. म्हाताऱ्यानं ते बघितलं, एका डोळ्यानं का होईना, नीट बघितलं. आणि काठी सरळ उभी धरून तो क्लबातल्या आवाजात बोलला, ओटीवर उभा करून ज्या आवाजात ओरडायला लावायचे त्याच.

"आमच्या नेमात भुतावर मारायचं असतं, शेठ. या पोराला भूत दिसेना. म्हणून मी म्हटलं, तिथं एक तोंड ठेव. ज्याला बघून सगळ्यांत जास्त जीव जळतो, त्याचं. याला एकच तोंड लागू पडलं." मग सावकाश, एकेक अक्षर सोडवून तो म्हणाला, "माझं नाव कॉन्रॅड."

त्याला हाकलायची गरज पडली नाही. तो स्वतःच काठी टेबलावर ठेवून, चपला घालून उत्तनच्या वाटेला लागला. त्याचं काम झालं होतं. त्यात एका पोराचं काय होईल हा हिशेब त्यानं धरलाच नव्हता.

लडकूचं हसू पार उतरलं. बाळाराम तात्याच्या पायावर पडला. "तात्या, मला हाकला. मारा. पण आईला..."

"ऊठ," तात्या म्हणाला. आवाज गोड होता. "हाकलतो कशाला? पंचांसमोर शब्द दिलाय. धर्माजी शिलोत्री शब्द फिरवत न्हाय." त्यानं काठी उचलली. सगळ्या आयुष्यात त्यानं त्या काठीला हात लावला नव्हता. लाल खिशापासून हातभर अंतरावर ठेवला, पांढरा त्याच्या मागे. "काय म्हणाला तो? लालच्या पाठीला तोंड ठेवायचं. आणि नाव."

तो वाकला. बराच वेळ तसाच राहिला, तोंड नीट येईपर्यंत.

"बाळाराम," तात्या म्हणाला, आणि लाल खिशात गेला.

दत्तकविधान ठरल्या मुहूर्तावरच झालं, थाटात. दत्तक देणाऱ्या आईनं पोराचा हात नव्या बापाच्या हातात द्यायचा असतो, रुक्मिणीनं दिला. हातावर पाणी सोडलं. भटजी उठले, पंगती उठल्या, आणि तात्यानं बाळारामला भिंतीवरच्या तसबिरीसमोर नेलं.

"ही तुझी आई. पाया पड." तो पडला. "आणि ती," तात्यानं स्वयंपाकघराकडे बोट केलं, "ती माझ्या भावाची बायको. तुझी कोण?"

बाळारामनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"कोण?"

"काकी."

"शाबास. ज्या दिवशी दुसरा शब्द तोंडातून आला, त्या दिवशी ती या घराच्या बाहेर. खारीला तिच्या माहेरात आता कोण हाय ते तुला ठाऊकच हाय." कुणीही नव्हतं. घरसुद्धा नव्हतं.

आगरं सुरू झाली. किल्ल्या बाळारामच्या कमरेला आल्या, मुकादम त्याला मालक म्हणायला लागले. दुपारी मात्र त्यानं दिवाणखान्यात हजर राहायचं, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, खिशाशेजारी उभं. तात्या खेळायचा. एकटाच खेळायचा. एकेका गोळ्याला बाळारामचं नाव घ्यायचा आणि मारायचा. महिन्याभरात त्याचा हात असा बसला की क्लबातल्या साहेबांनी टोप्या काढाव्यात. गोळा जाळीत पडला की म्हणायचा, "काढ." बाळाराम काढायचा आणि परत जागेवर ठेवायचा.

एकदा दुपारी तात्या म्हणाला, "काकीला चहा सांग."

"काकी," बाळारामनं हाक मारली, "चहा."

रुक्मिणी आली. कप तात्यापुढे धरला. तात्यानं तो घेतला नाही. "मालकाला दे. चव बघू दे. आता घर त्याचं हाय."

बाळारामनं घोट घेतला. चहा चांगला होता. लहानपणी तापात ती द्यायची तसाच, आलं घातलेला.

"कसा हाय?"

"बरा हाय."

"मला साखर जास्त वाटती," तात्या म्हणाला. त्यानं चहा चाखलासुद्धा नव्हता. "साखर जास्त असली की आपल्या घरात काय करतात, ते तुला ठाऊक हाय. का मी करू? मी केलं तर कपासकट तीपण दाराबाहेर जाईल."

बाळारामनं आईच्या पायांकडे बघितलं, पावलं सोडून लांबची जागा बघितली आणि तिथे कप तिरका केला. धार संपेपर्यंत त्यानं कप तसाच धरला. रुक्मिणी काही न विचारता खाली बसली. पदर हातात घेतला. तेव्हा मात्र त्याचे पाय वळले, तोही तिच्या शेजारी बसला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला. दोघांची डोकी जवळ आली. तिच्या अंगाला धुराचा वास येत होता, तोच जुना. त्याच्या तोंडात तो शब्द आला, अगदी ओठांपर्यंत आला.

तिनं तो ओळखला. मान वर न करता तिनं त्याचा हात धोतरासकट बाजूला सारला.

"उठा, मालक," ती म्हणाली. "डाग पडतील."

बाळाराम उठला आणि खिशाशेजारी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तात्यानं काठीच्या टोकाला खडू लावला, वाकला, त्याचं नाव घेतलं, आणि गोळा जाळीत पडला.